विजोड जोडी : प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांच्या तीस वर्षांच्या ओढाताणीचा इतिहास

१/
साठवलेले पैसे खर्च करून नवे ग्राफिक्स कार्ड आणले, संगणकात बसवले, आणि गेम मात्र होता तसाच अडखळत चालला. १९९० च्या दशकापासून आजपर्यंत गेमर्सच्या प्रत्येक पिढीने हा अनुभव घेतला आहे. अशा वेळी कार्ड निर्दोष असते, प्रोसेसरही धडधाकट असतो. बिघाड त्यांच्या जोडीत असतो. या विजोड जोडीने ग्राहकांचे पैसे बुडवले, काही प्रोसेसरांची अब्रू घालवली आणि ग्राफिक्सच्या तंत्रज्ञानाला एकाहून अधिक वेळा नवे वळण दिले. हा त्या जोडीचा इतिहास. #थ्रेड #संगणकाचा_इतिहास

२/
आधी कामाची वाटणी पाहू. पडद्यावरचे प्रत्येक चित्र, म्हणजे फ्रेम, दोन हातांनी तयार होते. खेळाडूने कोणती कळ दाबली, शत्रू कोठे सरकला, गोळी भिंतीला लागली की नाही, कॅमेऱ्यासमोर कोणत्या वस्तू आहेत, हे प्रोसेसर ठरवतो आणि काय काय काढायचे याची आज्ञावली बनवतो. ती घेऊन ग्राफिक्स कार्ड आकार बसवते, रंग भरते, छाया टाकते. एकाने पोळ्या लाटाव्यात आणि दुसऱ्याने भाजाव्यात, तसा हा प्रकार. लाटणारा मंद असेल तर तवा कितीही तापलेला असो, पंगतीत पोळ्या लाटणाऱ्याच्याच गतीने येतात.

३/
हीच गोष्ट आकड्यांत. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर प्रत्येक फ्रेमला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. समजा, प्रोसेसरला एका फ्रेमच्या तयारीस २० मिलिसेकंद लागतात आणि कार्डाला ती काढण्यास ८. दोघे एकाच वेळी राबतात : कार्ड एक फ्रेम काढत असते तेव्हा प्रोसेसर पुढचीची तयारी करतो. म्हणून वेग २० मिलिसेकंदांवरून ठरतो, म्हणजे सेकंदाला ५० फ्रेम. आता दुप्पट वेगाचे, ४ मिलिसेकंदांत काम उरकणारे कार्ड आणले तरी फ्रेम ५०च राहतात. नवे कार्ड फक्त अधिक वेळ रिकामे बसते.

४/
उलट बाजूही तितकीच खरी. १९२० × १०८० च्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, ३८४० × २१६० च्या पडद्यावर सुमारे ८२.९ लाख, म्हणजे चौपट. पडदा बदलल्याने शत्रूंची संख्या किंवा भौतिकीचे गणित वाढत नाही, त्यामुळे प्रोसेसरचे काम जवळपास तेवढेच राहते. कार्डाचे मात्र कितीतरी वाढते. तेव्हा तोच प्रोसेसर आणि तेच कार्ड एका पडद्यावर विजोड ठरू शकतात आणि दुसऱ्यावर समतोल. यालाच गेमर्सच्या भाषेत ‘बॉटलनेक’ म्हणतात : सुरईचे पोट कितीही मोठे असो, पाणी मानेच्या रुंदीएवढेच बाहेर पडते.

५/
हा विचार गेमिंगच्या बराच आधीचा आहे. १९६७ साली आयबीएममधील संगणकशास्त्रज्ञ जीन अ‍ॅमडाल यांनी एका परिषदेत मांडलेला मुद्दा पुढे ‘अ‍ॅमडालचा नियम’ म्हणून प्रसिद्ध झाला. कामाचा एक भाग कितीही वेगवान केला तरी उरलेला भाग एकूण वेगाला मर्यादा घालतो. निम्मे काम क्षणार्धात होऊ लागले आणि निम्मे पूर्वीच्याच गतीने राहिले, तर एकूण वेग दुपटीपलीकडे कधीच जात नाही. पुढच्या अनेक दशकांत ग्राफिक्स कार्डांच्या जाहिरातींनी हा नियम विसरायला लावला, आणि प्रत्यक्ष वापराने त्याची वारंवार आठवण करून दिली.

६/
दुसरा मूलभूत विचार १९६८ चा. टी. एच. मायर आणि आयव्हन सदरलंड यांनी ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या नियतकालिकात एक विलक्षण निरीक्षण नोंदवले. पडद्यावर चित्र दाखवणाऱ्या यंत्रणेला थोडी थोडी जादा कामे देत गेले की अखेर तीच एक पूर्ण संगणक बनते. मग तिच्यासाठी पुन्हा एक साधी दुय्यम यंत्रणा लागते आणि फेरा नव्याने सुरू होतो. त्यांनी याला पुनर्जन्माचे चक्र म्हटले. कोणते काम मध्यवर्ती प्रोसेसरकडे ठेवायचे आणि कोणते ग्राफिक्सकडे सोपवायचे, हाच वाद पुढील सारा इतिहास घडवतो.

७/
डिसेंबर १९९३. इड सॉफ्टवेअर या कंपनीचा ‘डूम’ प्रसिद्ध झाला. त्याच्या ३२० × २०० च्या चित्रातले सर्व ६४,००० पिक्सेल प्रोसेसर स्वतः रंगवी. जॉन कारमॅक यांच्या रचनेत भिंती नेहमी उभ्या आणि जमिनी सपाट असत. त्यामुळे भिंतीच्या एका उभ्या पट्टीसाठी खोलीचे गणित एकदाच करून भागे आणि ४८६ सारख्या प्रोसेसरवरही गेम धावे. ग्राफिक्स कार्डाकडे उरलेले काम एवढेच : तयार चित्र स्मृतीत ठेवणे आणि पडद्यावर दाखवणे. कार्ड इतके निष्क्रिय असताना जोडी विजोड होईलच कशी? तरीही ती झाली.

८/
अडचण होती वाटेची. प्रत्येक पिक्सेलला एक बाइट, म्हणजे ‘डूम’च्या कमाल ३५ फ्रेमसाठी सेकंदाला सुमारे २२.४ लाख बाइट कार्डापर्यंत पोहोचवणे भाग होते. जुनी आयएसए वाहिनी १६ बिटांची आणि सुमारे ८ मेगाहर्ट्‌झची. ६६ मेगाहर्ट्‌झचा ४८६ प्रोसेसर आणि आयएसए कार्ड अशी जोडी म्हणजे रुंद महामार्गाच्या शेवटी पायवाट. वेसा लोकल बस ही ३२ बिटांची वाहिनी १९९२ मध्ये आली आणि कार्ड थेट ४८६ च्या वाहिनीशी जोडले जाऊ लागले. पेंटियमच्या काळात तिची जागा पीसीआयने घेतली. जोडीतल्या दोघांइतकेच महत्त्व त्यांच्यामधल्या वाटेला असते, हा पहिला धडा.

९/
जून १९९६. त्याच कंपनीचा ‘क्वेक’ आला आणि गणितच पालटले. आता पृष्ठभाग कोणत्याही कोनात तिरके असू शकत होते, आणि त्यांवरचे पोत योग्य दिसण्यासाठी खरे तर प्रत्येक पिक्सेलला भागाकार हवा होता. भागाकार ही प्रोसेसरच्या अतिशय मंद क्रियांपैकी एक. मायकेल अब्राश आणि कारमॅक यांनी तोड काढली : भागाकार दर १६ पिक्सेलांमागे एकदाच, मधले पिक्सेल अंदाजाने. पेंटियमचा अपूर्णांक-गणिताचा विभाग, म्हणजे एफपीयू, पुढचा भागाकार करत असताना पूर्णांक-विभाग आधीचे १६ पिक्सेल रंगवून टाकी. गेम एका विशिष्ट प्रोसेसरच्या अंगलटीनुसार बेतला गेला.

१०/
याची झळ सायरिक्स या कंपनीला बसली. तिचा ६एक्स८६ प्रोसेसर कार्यालयीन कामांत उत्तम होता. इतका, की १३३ मेगाहर्ट्‌झवर चालणारी चिप ‘पी१६६+’ या नावाने, म्हणजे १६६ मेगाहर्ट्‌झच्या पेंटियमच्या तोडीची म्हणून विकली जाई. तो दावा कार्यालयीन कामांपुरता खोटा नव्हता. पण तिचा एफपीयू दुबळा होता आणि ‘क्वेक’चा सारा भार नेमका तिथे पडला. स्वस्त आणि वेगवान म्हणून घेतलेला संगणक त्या काळच्या सर्वांत गाजलेल्या गेममध्ये मागे पडू लागला. १९९७ मध्ये सायरिक्स नॅशनल सेमिकंडक्टरच्या ताब्यात गेली. त्याला कारणे अनेक होती. गेमर्समधली तिची अब्रू मात्र ‘क्वेक’नेच घालवली.

११/
त्याच १९९६ साली थ्रीडीएफएक्स या कंपनीचे ‘व्हूडू ग्राफिक्स’ बाजारात आले. हे कार्ड साधी खिडकी किंवा मजकूर दाखवूच शकत नसे. त्यासाठी जुने कार्ड जागेवर ठेवून दोघांमध्ये एक केबल जोडावी लागे. त्रिकोणांत पोत भरणे एवढेच त्याचे काम, पण ते काम त्याने अपूर्व वेगाने केले. पुढच्या वर्षी आलेला ‘जीएलक्वेक’ ६४० × ४८० वर, म्हणजे ‘डूम’च्या जवळजवळ पाचपट पिक्सेलांवर, सहज खेळता येऊ लागला. त्रिकोणांचे कोपरे पडद्यावर नेमके कोठे येतील हे गणित मात्र प्रोसेसरकडेच राहिले. आधुनिक अर्थाची जोडी इथे जुळली.

१२/
१९९८ मध्ये ‘व्हूडू २’ आले. अशी दोन कार्डे एकत्र जोडता येत : चित्राच्या एकाआड एक ओळी एकेका कार्डाने काढायच्या. या रचनेमुळे १०२४ × ७६८ पर्यंत मजल गेली. पण रंग भरणारे हात दोनाचे चार झाले, आज्ञा देणारे तोंड एकच राहिले. वेगवान पेंटियम २ असेल तर ही जोडकार्डे झळाळत. जुन्या पेंटियमवर ती आज्ञांची वाट पाहत बसत. महागडे कार्ड घेण्याआधी प्रोसेसर त्याला पुरेसे काम देऊ शकेल का, हा प्रश्न सामान्य ग्राहकापुढे प्रथमच इतक्या उघडपणे उभा राहिला.

१३/
प्रोसेसरवाल्यांनीही उत्तर शोधले. एएमडीचा के६ पूर्णांक-गणितात चपळ आणि अपूर्णांक-गणितात मंद होता, सायरिक्सचेच दुखणे. मे १९९८ च्या के६-२ मध्ये एएमडीने ‘थ्रीडीनाउ’ नावाच्या २१ नव्या आज्ञा घातल्या. त्यांमुळे त्रिमितीच्या गणितातली अनेक पदे एका दमात सोडवता येऊ लागली. ‘क्वेक २’ची या आज्ञा वापरणारी आवृत्ती निघाली आणि व्हूडू कार्डासोबत तिचा फरक डोळ्यांना दिसे. मात्र गेम नव्या आज्ञांसाठी लिहिलेला नसेल तर त्यांचा काडीचाही उपयोग नव्हता. १९९९ मध्ये इंटेलने पेंटियम ३ सोबत ‘एसएसई’ आणून हीच वाट धरली.

१४/
स्वस्त संगणकांच्या बाजारात दोन टोके दिसली. ऑगस्ट १९९८ चा सेलेरॉन ३००ए. आत १२८ केबीची, प्रोसेसरच्याच वेगाने चालणारी कॅश. वाहिनी ६६ वरून १०० मेगाहर्ट्‌झवर नेली की तो अनेकदा ४५० मेगाहर्ट्‌झवर धावे आणि महाग पेंटियम २ शी जवळपास बरोबरी करी. दुसरे टोक म्हणजे १९९९ चा इंटेल ८१० चिपसेट : ग्राफिक्स मदरबोर्डातच, पण वेगळ्या कार्डासाठी एजीपी खाच नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात सुट्या भागांतून संगणक जोडून घेणाऱ्याच्या दृष्टीने हा भेद निर्णायक होता. चांगल्या प्रोसेसरला पुढे चांगला जोडीदार मिळण्याचे दारच तिथे बंद झालेले असे.

१५/
१९९९ च्या शरद ऋतूत एनव्हिडियाने ‘जीफोर्स २५६’ आणले आणि त्याला जगातील पहिला ‘जीपीयू’ म्हणून मिरवले. त्रिकोणांचे कोपरे बसवणे आणि प्रकाशाचे गणित करणे ही प्रोसेसरची कामे आता कार्डावरच होणार होती. यालाच हार्डवेअर टी अँड एल म्हणत. दुबळ्या प्रोसेसरच्या मालकांना हे मोठे आश्वासन होते. प्रत्यक्षात आरंभी ते वापरणारे गेम फार थोडे होते. जिथे प्रोसेसर वेगवान होता तिथे लाभ अल्प दिसे, आणि उंच रिझोल्यूशनवर कार्डाची स्वतःचीच स्मृती अपुरी पडे. एक कोंडी फुटली की दुसरी उघडी पडते, ती अशी.

१६/
थ्रीडीएफएक्सची भूमिका वेगळी होती. प्रोसेसर दरवर्षी वेगवान होत आहेत, तेव्हा कोपऱ्यांचे गणित त्यांच्याकडेच राहू द्यावे. कार्डाने पिक्सेल भरण्याचा वेग आणि चित्राचा सफाईदारपणा वाढवावा. २००० साली आलेल्या ‘व्हूडू ५ ५५००’ मध्ये म्हणूनच टी अँड एल नव्हते. त्या क्षणापुरता हा युक्तिवाद चुकीचा नव्हता. पण गेम अधिकाधिक त्रिकोणांचे होत गेले आणि काळ एनव्हिडियाच्या बाजूने झुकला. डिसेंबर २००० मध्ये थ्रीडीएफएक्सने आपली मालमत्ता एनव्हिडियालाच विकण्याचे जाहीर केले. व्यवस्थापनाच्या चुकाही या अंतामागे होत्या. तरी कोणते काम कोणाकडे, या प्रश्नाचे उत्तर तिने उशिरा बदलायला नको होते.

१७/
२००१ च्या ‘जीफोर्स ३’पासून ग्राफिक्स कार्डांवर छोटे प्रोग्राम चालू लागले आणि त्यांची वाढ वेगाने होत राहिली. याच सुमारास प्रोसेसरचा रस्ता मात्र अडला. २००० मध्ये दीड गिगाहर्ट्‌झवर सुरू झालेला पेंटियम ४ २००४ अखेर ३.८ गिगाहर्ट्‌झवर पोहोचला आणि उष्णतेने त्याला तिथेच रोखले. इंटेलने पुढचा ‘टेहास’ प्रकल्प मे २००४ मध्ये रद्द केला. २००५ पासून एका चिपमध्ये दोन कोअर येऊ लागले. आता वेग वाढवायचा तर काम अनेक कोअरमध्ये वाटावे लागणार होते, आणि गेम लिहिणाऱ्यांना तशी सवयच नव्हती.

१८/
नोव्हेंबर २००७ चा ‘क्रायसिस’ या संधिकाळाचे उत्तम उदाहरण होय. प्रसिद्ध झाला तेव्हा त्याने त्या काळची उत्तमोत्तम ग्राफिक्स कार्डे घायकुतीला आणली. पुढे कार्डे कितीतरी पटींनी वाढली, तरीही काही प्रसंगांत हा गेम अडखळतच राहिला, कारण त्याचे बरेचसे काम मोजक्या कोअरवर एकवटलेले होते. कार्ड जवळजवळ रिकामे, प्रोसेसरचे बाकीचे कोअरही रिकामे, आणि एक कोअर घामाघूम. आठ पाहुणे बसले आहेत आणि वाढणारा एकच, अशी ही पंगत. विजोडपणा आता प्रोसेसरच्या पोटातच शिरला होता.

१९/
आणखी एक मध्यस्थ या कथेत आहे : ड्रायव्हर. गेमची प्रत्येक ‘हे काढ’ ही आज्ञा डायरेक्टएक्ससारख्या प्रणालीतून आणि मग कार्डाच्या ड्रायव्हरमधून जाते. तिथे तिची तपासणी आणि भाषांतर होते, आणि तो सारा वेळ प्रोसेसरच्या खात्यावर पडतो. मोठ्या शहराचे दृश्य म्हणजे हजारो वस्तू आणि हजारो आज्ञा. गेमिंग कन्सोलमध्ये हार्डवेअर ठरलेले असल्याने हा खर्च पुष्कळ कमी होता. पीसीवर मात्र डायरेक्टएक्स ११ च्या काळापर्यंत आज्ञा पाठवण्याचे ओझे मुख्यतः एकाच कोअरवर राहिले.

२०/
या ओझ्याने सर्वाधिक वाकलेली कंपनी एएमडी होती. तिची ग्राफिक्स कार्डे दमदार होती, पण ऑक्टोबर २०११ मध्ये आलेल्या ‘बुलडोझर’ घराण्यातील आठ कोअरच्या प्रोसेसरांत प्रत्येक कोअर एकेकटा दुबळा होता. सप्टेंबर २०१३ मध्ये तिने ‘मँटल’ जाहीर केले : आज्ञांचा खर्च घटवणारी आणि ते काम अनेक कोअरवर वाटणारी प्रणाली. ‘बॅटलफिल्ड ४’ला जानेवारी २०१४ च्या अखेरीस तिचा आधार मिळाला. लाभ सर्वांत मोठा कोठे दिसला? दुबळा प्रोसेसर आणि बलवान कार्ड अशा जोडीत. मँटल स्वतः फार जगले नाही, पण त्याच्या पायावर २०१६ चे ‘व्हल्कन’ उभे राहिले. डायरेक्टएक्स १२ सुद्धा २०१५ मध्ये त्याच दिशेने आले.

२१/
आजार बदलला तशी नाडीपरीक्षाही बदलली. सप्टेंबर २०११ मध्ये ‘द टेक रिपोर्ट’चे स्कॉट वॉसन यांनी सेकंदाच्या सरासरीऐवजी प्रत्येक फ्रेमला लागलेला वेळ मोजावा, असा आग्रह धरला. त्याचे महत्त्व एका हिशोबात कळते. एका सेकंदात ५० फ्रेम प्रत्येकी १० मिलिसेकंदांच्या आणि एक फ्रेम ५०० मिलिसेकंदांची आली, तर सरासरी ५१ फ्रेम भरते. कागदावर उत्तम, प्रत्यक्षात अर्धा सेकंद खेळ गोठलेला. प्रोसेसर कमी पडल्याची लक्षणे बहुधा अशीच, सरासरीत न दिसणाऱ्या हिसक्यांच्या रूपात येतात.

२२/
मार्च २०१७ मध्ये एएमडीचे ‘रायझन’ आले आणि मोजणीचाच वाद पेटला. १०८० पिक्सेल उंचीच्या पडद्यावर इंटेलचा चार कोअरचा आय७-७७००के आठ कोअरच्या रायझनहून पुढे दिसे. ४के वर दोघे सारखेच. मग कमी रिझोल्यूशनवर कोण खेळते, असा आक्षेप निघाला. पण ४के वर सारखेपणा दिसे तो कार्ड थकल्यामुळे. तिथे प्रोसेसरची परीक्षा होतच नसे. कमी रिझोल्यूशनच्या चाचणीने आज ना उद्या अधिक बलवान कार्ड आल्यावर काय होईल, त्याची चाहूल लागते. उलट, आठ कोअरांचे मोल गेम अधिक कोअर वापरू लागल्यावर हळूहळू उमगले. दोन्ही पक्षांच्या हाती सत्याचा एकेक तुकडा होता.

२३/
एप्रिल २०२२ चा रायझन ७ ५८००एक्स३डी हा सेलेरॉन ३००ए च्या धड्याची उजळणी होता. त्याचा घड्याळवेग आपल्या ५८००एक्स या भावंडापेक्षा कमी; पण चिपवर कॅशचा आणखी एक थर चढवून ती ३२ वरून ९६ एमबी केलेली. आणि तो गेममध्ये पुढे गेला. कारण गेमचा प्रोसेसर अनेकदा गणितात अडकलेला नसतो, तर मुख्य स्मृतीतून माहिती येण्याची वाट पाहत असतो. ती माहिती हाताशी ठेवली की त्याच कोअरमधून अधिक फ्रेम निघतात. गिगाहर्ट्‌झच्या आकड्यावरून प्रोसेसर निवडणाऱ्याला हे उमगत नाही.

२४/
याच वर्षी जानेवारीत, कार्डांच्या तुटवड्याच्या काळात, एएमडीने १९९ डॉलरचे आरएक्स ६५०० एक्सटी आणले. स्मृती ४ जीबी आणि पीसीआय एक्सप्रेसच्या केवळ चार मार्गिका. चौथ्या पिढीच्या मदरबोर्डवर त्या कशाबशा पुरत. तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर त्यांची क्षमता निम्मी होई. ४ जीबी भरली की उरलेली माहिती त्याच चिंचोळ्या वाटेने ये-जा करी आणि वेग कोसळे. स्वस्त कार्डाचा ग्राहक बहुधा जुन्या मदरबोर्डचा मालक असतो. म्हणजे ज्याच्यासाठी ते बनवले, त्यालाच त्याचा सर्वाधिक फटका. ‘डूम’च्या काळातली आयएसए वाहिनी जणू नव्या नावाने परतली.

२५/
डिसेंबर २०२४ मध्ये इंटेलच्या २४९ डॉलरच्या आर्क बी५८० कार्डाचे मोठे कौतुक झाले. ते बव्हंशी अत्यंत वेगवान प्रोसेसरवर घेतलेल्या चाचण्यांवर आधारलेले होते. काही आठवड्यांतच, जानेवारी २०२५ मध्ये, समीक्षकांनी तेच कार्ड रायझन ५ २६०० आणि ५६०० यांसारख्या जुन्या, मध्यम प्रोसेसरवर तपासले. अनेक गेममध्ये त्याचा वेग प्रतिस्पर्धी कार्डांपेक्षा बराच अधिक घसरला; ड्रायव्हर प्रोसेसरवर जास्त भार टाकत होता. चाचणीतली जोडी आणि घरातली जोडी वेगळी असेल तर अचूक मोजलेला आकडाही ग्राहकाची दिशाभूल करू शकतो, हे त्यातून सिद्ध झाले.

२६/
आजच्या दोन युक्त्यांनी हिशोब आणखी गुंतला आहे. एक, अपस्केलिंग : चित्र लहान काढून मग मोठे करणे. त्यामुळे कार्डाचे ओझे हलके होते, पण प्रोसेसरचे नाही. म्हणून ४के वर लपलेली प्रोसेसरची मर्यादा पुन्हा वर येते. दुसरी, २०२२ च्या डीएलएसएस ३ ने रूढ केलेली फ्रेम जनरेशन : दोन खऱ्या फ्रेममध्ये कार्डाने स्वतः रचलेली एक फ्रेम. प्रोसेसरला न विचारता पडद्यावरचा आकडा वाढतो आणि हालचाल मऊ दिसते. मात्र खेळाडूने दाबलेल्या कळीला मिळणारे उत्तर त्या प्रमाणात लवकर येत नाही, कारण ते अजूनही खऱ्या फ्रेममधूनच येते.

२७/
तीस वर्षांच्या या अनुभवातून निदानाची साधी रीत हाती येते. रिझोल्यूशन घटवूनही फ्रेम वाढल्या नाहीत तर बहुधा प्रोसेसर अडतो आहे. झपाट्याने वाढल्या तर कार्ड. कार्डाचा वापर सतत ९७-९९ टक्के असेल तर तेच मर्यादा ठरवत आहे, आणि ते स्वाभाविक आहे. प्रोसेसरचा एकूण वापर मात्र फसवा असतो : १६ धाग्यांपैकी एकच पूर्ण भरला तरी आकडा सहा टक्क्यांच्या आसपास दिसतो. फ्रेमवर मर्यादा घालणारी व्ही-सिंकसारखी सोय आधी बंद असावी, नाहीतर दोघेही निर्दोष असून आळशी भासतात.

२८/
‘या जोडीत अमुक टक्के बॉटलनेक’ असा एकच आकडा सांगणारी गणकयंत्रे म्हणूनच निरर्थक. हजारो नागरिकांचे शहर चालवणारा गेम प्रोसेसरला दमवतो, प्रकाशकिरणांचा पाठलाग करणारा गेम कार्डाला. एकाच गेममध्ये गर्दीचा चौक आणि निर्जन दरी यांचे उत्तर वेगळे येते. पैसे मर्यादित असतील तर प्रश्न असा विचारावा : कोणता गेम, कोणत्या पडद्यावर, किती फ्रेमने खेळायचा, आणि आज त्या संगणकात वाट कोण पाहत आहे? उत्तर मिळाल्यावर जो वाट पाहायला लावतो, त्याच्यावर खर्च करावा.

२९/
आणि पुनर्जन्माचे चक्र? ते फिरतेच आहे. मार्च २०२४ मध्ये डायरेक्टएक्स १२ ला ‘वर्क ग्राफ्स’ मिळाले. त्यांच्या आधारे ग्राफिक्स कार्ड प्रोसेसरची वाट न पाहता स्वतःसाठी नवे काम निर्माण करू शकते. १९९३ मध्ये तयार चित्र फक्त दाखवणारे कार्ड आता आज्ञाही देऊ लागले आहे. मायर आणि सदरलंड यांनी १९६८ मध्ये वर्णिलेल्या टप्प्याच्या ते बरेच जवळ पोहोचले आहे. पुढच्या फेऱ्यात कोंडी कदाचित तिसऱ्याच जागी असेल. ती शोधण्याची रीत मात्र बदलणार नाही. आधी मोजायचे, मग पाकीट उघडायचे.